जुन्या कीबोर्डचा कंट्रोलर

प्रश्न : निपाणीतल्या बंद पडलेल्या छापखान्यातून मला आयबीएमचा १९९० सालचा मॉडेल एम कीबोर्ड मिळाला. साधा यूएसबी जोड लावला, पण एकही अक्षर उमटत नाही. कंट्रोलर (कळांचे संकेत संगणकाला पाठवणारी आतली पाटी) बदलावा का?
– एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : एवढ्यात नको. हा कीबोर्ड पीएस/२ या यूएसबीपूर्वीच्या जोडणीच्या भाषेतच बोलतो आणि साधा जोड फक्त तारा जुळवतो. त्यामुळे आधी भाषांतर करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लावून पाहावा. बेळगावच्या संगणक-दुरुस्तीवाल्याकडे पीएस/२ खाच असलेला जुना संगणक असेलच, त्यावर तपासल्यास पैसेही वाचतील.

तरीही तो मुकाच राहिला, तर ५.५ मिमीच्या लांब, बारीक पान्याने कवच उघडावे. मेम्ब्रेनच्या (कळांखालच्या, वाहक रेषा छापलेल्या पातळ प्लास्टिक थरांच्या) पट्ट्या कंट्रोलरमधून सरळ वर ओढाव्यात, कारण तिरक्या ओढल्यास जुने प्लास्टिक तडकते आणि मग सारेच मुसळ केरात. या पट्ट्या नव्या कंट्रोलरला जोडायच्या, तर कळांच्या जाळ्याचे सोळा स्तंभ आणि आठ ओळी मिळून चोवीस वाहिन्या होतात. प्रो मायक्रो या छोट्या कंट्रोलर-पाटीच्या अठरा पिना त्यांना अपुऱ्या पडतात, तर रास्पबेरी पाय पिको या पाटीच्या सव्वीस पिनांत त्या बसून दिव्यांसाठी दोन उरतात. क्यूएमके हे कीबोर्डसाठीचे फर्मवेअर (कंट्रोलरमध्ये भरायची आज्ञावली) त्यावर चालते. मात्र मेम्ब्रेनमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नसल्याने अनेक कळा एकदम दाबण्याची मर्यादा नव्या कंट्रोलरनेही सुटत नाही. मागचे प्लास्टिकचे रिव्हेट या कामासाठी तोडावे लागत नाहीत. त्यांना हातही लावू नये.