वाढदिवसाचे जादूचे पहिले प्रयोग स्वीकारण्यापूर्वी
नवी साधने विकत घेण्याची घाई आपण करू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. दोरी, नाणी, रुमाल आणि पत्त्यांचा एक जोड एवढ्यावर अर्ध्या तासाचा उत्तम कार्यक्रम उभा राहतो. मात्र प्रत्येक हातचलाखी आरशासोबतच मोबाइलवर चित्रित करूनही तपासावी, कारण आरशात पाहताना नेमक्या गुप्त हालचालीच्या क्षणी आपली पापणी लवते आणि चूक आपल्यालाच दिसत नाही.

कार्यक्रमस्थळी लवकर पोहोचून पाठीमागे भिंत येईल अशी जागा निवडावी, कारण मुले सरकत सरकत कडेला येतात आणि तळहातात लपवलेले नाणे बाजूने स्पष्ट दिसते. नजर हा या कलेचा प्राण आहे: नाणे ज्या हातात आहे असे प्रेक्षकांना वाटायला हवे, त्याच हाताकडे आपण स्वतः पाहावे. कितीही आग्रह झाला तरी तोच प्रयोग लगेच पुन्हा करू नये. शेवट ठाऊक झालेला प्रेक्षक फक्त हातांवर लक्ष ठेवतो.

मदतीला बोलावलेल्या मुलाची फजिती करून हशा मिळवणे मला अजिबात मान्य नाही. टाळ्या त्यालाच मिळाव्यात. मानधनाची निम्मी रक्कम मात्र तारीख ठरतानाच घ्यावी.