क्रूझवर न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला कोणते कपडे घालावेत?

आपला प्रश्न असा आहे की, सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर आई-वडिलांना घेऊन जायचे असल्यास न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला काही ठरावीक पोशाख लागतो का, आणि आईंना साडी नेसून वावरता येईल का. गेल्या वर्षी मी माझ्या आई-वडिलांना सिंगापूर, पेनांग, फुकेत याच मार्गाने घेऊन गेले होते, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष जे उपयोगी पडले तेच लिहिते.

आईंना साडी अवश्य नेसू द्या. जहाजावरचा ड्रेस कोड मुख्यतः रात्रीच्या जेवणापुरता असतो. पोशाखाच्या बाबतीत सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवरसुद्धा तो संध्याकाळी ६ नंतरच लागू होतो. रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर मोठ्या डायनिंग रूममध्ये न्याहारीला आणि दुपारी हाफ पँट चालते. म्हणजे टी-शर्ट, सुती कुर्ता, सलवार-कमीज, कॅप्री, वडिलांची नेहमीची पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट यांपैकी काहीही घातले तरी कोणी हटकणार नाही, आणि दिवसाच्या जेवणासाठी म्हणून वेगळी खरेदी करण्याचे काहीच कारण नाही.

मात्र दोन गोष्टींबद्दल जहाजावरची माणसे खरोखर आग्रही असतात. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जेवणाच्या दालनात यायचे नाही आणि अनवाणी यायचे नाही. बुफे बहुधा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाला लागूनच असतो, त्यामुळे पाण्यातून निघून थेट ताट घ्यायला जाण्याचा मोह होतो. माझे वडील पहिल्याच सकाळी पाय पाण्यात सोडून बसले होते आणि चपला खुर्चीखालीच ठेवून आत निघाले. दारातल्या मुलीने हसतमुखाने, पण ठामपणे त्यांना परत पाठवले. तिचे बरोबरच होते, कारण दाराशी ओल्या पायांचे पाणी साचलेले असते आणि गरम सूपची वाटी घेतलेला माणूस तिथे घसरला तर ते महागात पडते. मुले पोहणार असतील, तर अंगावर चढवायला एक सैल सुती कुर्ता आणि मागे पट्टा असलेली रबरी सँडल तलावाशीच ठेवावी. काही जहाजांवर तलावाच्या काठाशीच बर्गर, चिप्स, आइस्क्रीम मिळते आणि तिथे ओल्या अंगाने उभे राहून खाल्ले तरी चालते.

आपल्याकडच्या एका सवयीबद्दल मोकळेपणाने लिहिते. घरी सकाळी गाऊनवर ओढणी घेऊन दूधवाल्याला दार उघडतो, तसेच न्याहारीला जाऊ नये. केबिनमधला टॉवेलचा झगा घालून किंवा बनियनवर जाणेही योग्य नाही. शेजारच्या टेबलावर परकी माणसे जेवत असतात आणि वाढणारे कर्मचारी त्या वेळी पूर्ण गणवेशात असतात. आंघोळ करून धुतलेले साधे कपडे घालणे, एवढा मान आपण त्या दोघांनाही द्यावा, असे मला मनापासून वाटते.

साडीच्या बाबतीत अनुभवाने कळले ते असे. डेकवर वारा जोराचा असतो आणि बुफेत एका हातात ताट, दुसऱ्या हातात चिमटा असल्यामुळे पदर सावरायला हात मोकळा राहत नाही. म्हणून पदर खांद्यावर पिनेने पक्का करावा आणि निऱ्या रोजच्यापेक्षा बोटभर वर खोचाव्यात. माझ्या आईने पहिल्या दिवशी जरीकाठी सिल्क नेसले होते. सांबाराचा एक थेंब काठावर पडला आणि उरलेले जेवण तिने तो डाग पुसण्यातच घालवले. त्यानंतर ती छापील सुती साड्या नेसली आणि निवांत जेवली. बाहेर सिंगापूरचा दमट उकाडा असला, तरी आत एसी इतका थंड असतो की, अर्ध्या तासात दंडावर काटा येतो. तेव्हा आईंसाठी शाल आणि वडिलांसाठी बिनबाह्यांचे स्वेटर सोबतच्या पिशवीत असू द्यावे.

सर्वांत जास्त गैरसोय पहिल्या दुपारी होते, आणि त्याबद्दल फारसे कोणी आधी सांगत नाही. मुंबईहून रात्रीचे विमान पकडून सकाळी सिंगापूरला उतरलात आणि त्याच दिवशी जहाजावर चढलात, तर मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते. पहिले जेवण तुम्ही प्रवासाच्या चुरगळलेल्या कपड्यांतच जेवता. म्हणून प्रत्येकाचा एक हलका जोड, आईंची एक साडी-ब्लाउज आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. आणखी एक: आगीच्या धोक्यामुळे प्रवाशांना इस्त्री नेऊ देत नाहीत, त्यामुळे खळ घातलेल्या कडक सुती साड्यांऐवजी हाताने झटकून नेसता येतील अशाच साड्या भरा.