वस्तरा नक्की किती जुना? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पणजोबांच्या पेटीत एक वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हर मॅजेस्टी, ६ नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड' असं ठोकलंय, शेजारी एक चांदणी आणि क्रॉस. साल कुठेच नाही. घरात सगळे म्हणतात दोनशे वर्षांचा आहे. खरंय का? (सातारा)

उत्तर: दोनशे नाही बसत हो, पण नाराज होऊ नका, वस्तू चांगलीच आहे. तुमचं उत्तर त्या 'हर' मध्येच आहे, म्हणजे तेव्हा गादीवर राणी होती. शेफिल्ड म्हणजे इंग्लंडमधलं चाकू-सुऱ्यांचं गाव, तिथल्या रॉजर्सना राजघराण्याचे कटलर (चाकू-वस्तरे बनवणारे) म्हणून मान मिळाला १८२२ मध्ये, तेव्हा गादीवर चौथा जॉर्ज म्हणजे 'हिज मॅजेस्टी', मग विल्यम, तोही हिज. 'हर' झालं ते व्हिक्टोरिया आल्यावर, १८३७ ला, आणि १९०१ ला ती गेल्यावर परत हिज. (१९५२ नंतर पुन्हा राणी आली खरी, पण तोवर घरोघरी सेफ्टी रेझर पोचला होता, त्यामुळे ती शक्यता मी धरत नाही.) काही वस्तऱ्यांवर मुकुट आणि दोन अक्षरं असतात, त्याचाही हिशोब हाच: जी आर म्हणजे १८३० पर्यंत (किंवा थेट १९१० नंतरचा, तेव्हा पुन्हा जॉर्ज आले), डब्ल्यू आर १८३० ते ३७, व्ही आर त्यानंतर १९०१ पर्यंत. जुना ठसा कारखान्यात पडून असेल तर तो थोडे दिवस तसाच वापरला जायचा, म्हणून दोन-चार वर्षं इकडे तिकडे धरायची.

आता या चौसष्ट वर्षांत तुमचा कुठे बसतो ते पात्याच्या आकारावरून बघा. टोकाकडून डोळ्यासमोर धरा. पाठीपासून धारेपर्यंत भरीव, सरळ उतरत आलेलं जाड पातं असेल तर तो जुना प्रकार. दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं, नखाने टिचकी मारली की टिंग वाजणारं पातळ पातं असेल तर शतकाच्या शेवटाकडचा, कारण इतकं खोल घासायची पद्धत जर्मनीत वाढली आणि मग सगळीकडे गेली. शेपटीपण बघा, म्हणजे उघडताना बोट टेकतो तो भाग. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना ती जवळजवळ नसायचीच, नंतर आखूड बुटकी आली, मग हळूहळू लांब आणि वळलेली. तुमची लांब असणार, माझी पैज.

इथे एक गोष्ट इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांना नेहमी फसवते. त्यात लिहिलेलं असतं की 'इंग्लंड' हा शब्द नसेल तर वस्तरा १८९१ च्या आधीचा. ते खरं आहे पण अमेरिकेपुरतं, कारण तिथल्या १८९० च्या टॅरिफ (आयातकर) कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. भारतात आलेल्या मालाला तो कायदा कशाला लागू होईल? त्यामुळे आपल्याकडच्या वस्तऱ्यावर 'इंग्लंड' असेल तर उपयोगाचं, नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि ती चांदणी-क्रॉसची खूण रॉजर्सकडे १७६४ पासून आहे, म्हणून वस्तरा १७६४ चा म्हणू नका.

प्रश्न: माझ्याकडच्या वस्तऱ्यावर जे. ए. हेंकेल्स, झोलिंगेन, जर्मनी आणि जुळ्या माणसांचं चित्र आहे. विकणारा म्हणाला १७३१ चा आहे, कंपनीच्या जाहिरातीतही तेच साल दिसलं. (नाशिक)

उत्तर: जाहिरात खोटं बोलत नाहीये, विकणारा बोलतोय. १३ जून १७३१ ला पीटर हेंकेल्सने जुळ्यांची खूण नोंदवली, म्हणजे ते खुणेचं साल. ज्याचं नाव पात्यावर आहे तो योहान अब्राहाम जन्मलाच १७७१ मध्ये! त्यातून 'जर्मनी' लिहिलंय. शेफिल्डची नावं मारून जर्मन माल खपतोय अशी ओरड झाल्यावर ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला, मागून अमेरिकेचा आला, आणि हा शब्द पात्यांवर दिसायला लागला. तेव्हा तुमचा साधारण १८९० च्या पुढचा. 'वेस्ट जर्मनी' असतं तर १९४९ च्याही पुढचा.

प्रश्न: पात्यावर 'सिल्व्हर स्टील' असं कोरलंय. चांदी किती निघेल? (सोलापूर)

उत्तर: सराफाकडे नेऊ नका, हसेल तो. मायकेल फॅरेडे, हो, तोच विजेवाला, आणि लंडनचा कटलर जेम्स स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले, त्यात पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी हे प्रमाण त्यांना चांगलं वाटलं. शेफिल्डवाल्यांनी ते नाव लगेच उचललं आणि पुढे चांदी असो नसो ठोकत राहिले. तुमच्या कामाचं एवढंच की वस्तरा १८२० च्या आधीचा नाही. साधं 'कास्ट स्टील' असतं तर एवढीही मदत नसती, कारण ते म्हणजे हंट्समन नावाच्या इंग्रज कारागिराचं मुशीत वितळवलेलं पोलाद, १७४० च्या दशकातलं आणि तो शब्द पुढे शंभर वर्षं चालला.

प्रश्न: मूठ पांढरी आहे. हस्तिदंत की प्लास्टिक? गरम सुई टोचून बघू का? (पुणे)

उत्तर: सुई अजिबात नको!! सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) निघालं तर भसकन पेटेल. भिंग घ्या. बारीक काळे ठिपके किंवा खाचा दिसल्या तर हाड. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांची जाळी दिसली, विशेषतः कडेला, तर हस्तिदंत. अगदी एकसारख्या समांतर रेघा म्हणजे सेल्युलॉइड, मुद्दाम हस्तिदंतासारखं केलेलं, म्हणजे १८७० नंतरचं. मूठ मागाहून बदललेली असू शकते, त्यामुळे खिळे बघा, दोन वेगळ्या जातीचे असतील तर मुठीवरून साल काढूच नका.

सेल्युलॉइड असेल आणि पातं नेमकं मुठीत जातं तिथेच गंजत असेल तर मूठ कुजायला लागलीय, त्यातून निघणारा वायू लोखंड खातो, पातं वेगळं काढून ठेवा. गंज काढायला पॉलिश पेपर किंवा बफिंग मशीन नको, पहिला बळी त्या ठोकलेल्या अक्षरांचाच जातो, मशीनचं हलकं तेल आणि सुती कापड पुरे. आणि हस्तिदंत निघाला तर ऑनलाइन विकायला टाकू नका, भारतात त्याची खरेदी-विक्री बंद आहे, आधी वनखात्यात विचारा.