बाळ शांत आहे, मग गोळी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी 13 दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, त्यात दोष आला म्हणून पुन्हा शिरेतून घेतलं. टीएसएच 100 च्या वर, टी4 कमी. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी लिहून दिलीय. पण बाळ दिसायला छान, वजन 3 किलो, फारसं रडतही नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला गोळी नको, सव्वा महिना होऊ दे. गरोदरपणी मी उपवासाला सैंधव खायचे, त्यानं झालं का हो हे?
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला आणि संध्याकाळी गोळी सुरू झाली. असं उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबूच शकत नाही. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्या दुसऱ्या घरांसाठी, आणि सासूबाईंसाठीही.

टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा संदेश, आणि टी4 म्हणजे त्या ग्रंथीतून येणारं थायरॉक्सिन. पहिलं खूप वर आणि दुसरं कमी, म्हणजे तुमच्या लेकीची ग्रंथी जन्मापासूनच पुरेसं थायरॉक्सिन बनवत नाही. सासूबाईंना बाळ छान दिसतं, कारण ते खरंच छान दिसतं. पोटात असताना आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडं बाळाला मिळत असतं. नाळ तुटली की तो पुरवठा संपतो. त्यानंतर काही आठवड्यांत लांबलेली कावीळ, घट्ट शी, घोगरं रडणं, फुगलेली बेंबी, मोठी जीभ अशी लक्षणं दिसू लागतात. तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. या काळात मेंदूतल्या पेशींना फांद्या फुटतात, तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढतं, आणि या कामाला थायरॉक्सिन लागतंच. पहिली दोन-तीन वर्षं त्यासाठी फार मोलाची. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू व्हायला हवी. सव्वा महिना थांबणं परवडत नाही.

मी नवीन होते तेव्हा अक्कलकोटकडून एक मुलगी आली होती, सात महिन्यांची. 'फार गुणी, रडतच नाही,' असं आजी कौतुकानं सांगत होती. मान धरलेली नव्हती. तेव्हा टाचेच्या रक्ताची तपासणी इकडे कोणी करत नव्हतं. गोळीनं तिची उंची वाढली, पोट साफ होऊ लागलं, पण शाळेचा अभ्यास तिला कधीच झेपला नाही. अजून ती आईबरोबर तपासायला येते. 'गुणी बाळ' म्हटलं की मला तीच आठवते.

आता गोळीबद्दल. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम. तुमच्या लेकीला 37.5, म्हणजे 25 ची दीड गोळी. दोन चमच्यांमध्ये चुरडा, काढलेल्या दुधाच्या चार थेंबांत कालवा आणि लगेच पाजा. दुधाच्या बाटलीत टाकू नका, बाटली अर्धी राहिली तर औषधही अर्धंच पोटात जातं. लोह किंवा कॅल्शियमचं औषध दिलं तर मध्ये चार तास जाऊ द्या. बाळगुटी नकोच. आणि आपल्या सोलापूरचा मे महिना ध्यानात ठेवा : पत्र्याच्या खोलीत, खिडकीपाशी गोळ्या ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

गोळी कायमची आहे का, हे आज सांगता येत नाही. तीन वर्षांची झाल्यावर डॉक्टर काही मुलांची गोळी महिनाभर थांबवून रक्त तपासतात. तोवर कोणीही सांगितलं तरी स्वतःहून बंद करायची नाही.

राहिलं सैंधव. थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं आणि सैंधवात ते फारसं नसतं, म्हणून ही शंका येते. पण बहुतेक बाळांत थायरॉईड ग्रंथी तयारच झालेली नसते, अपुरी असते किंवा भलत्या जागी असते. ते तुमच्या उपवासानं झालेलं नाही. हा बोल स्वतःला लावून घेऊ नका, कुणाला लावूही देऊ नका. मात्र घरात रोजचं मीठ आयोडीनचंच वापरा. अंगावर पाजताना आईला आयोडीन जास्त लागतं. पुढच्या खेपेला दिवस राहिले की तुमचंही टीएसएच लगेच करून घ्या.

दोन आठवड्यांनी लेकीचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. येताना सासूबाईंना घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचंय.