जुन्या चुकीची लाज ख्रिस्ती विश्वासाने खरंच जाते का?

जाते, पण एका प्रार्थनेत जाईलच असं नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचा. शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते. पाच नवरे होऊन गेलेले, आत्ता सोबत असलेला पुरुष तिचा नवरा नव्हे. येशूला सगळं ठाऊक असतं, तरी तो तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सांगत सुटते की, मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं तो माणूस बघायला चला. जे लपवायचं तेच ती आता चारचौघांत बोलते!

पंडिता रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅममधलं सिस्टर्सचं काम पाहिलं, त्यानंतर हीच गोष्ट त्यांना एका सिस्टरने वाचून दाखवली होती. समाजाने टाकलेल्या बायकांना तुम्ही जवळ का करता, असं रमाबाईंनी विचारलं होतं. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

तुम्ही पाळकांशी किंवा भरवशाच्या एखाद्या विश्वासू माणसाशी बोला. कॅथलिक असाल तर कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला जा. मात्र लाज दुसऱ्याने केलेल्या अत्याचाराची असेल, तर त्यात तुम्ही कबूल करावं असं काहीच नाही. तिथे समुपदेशकाची मदत घ्या, आणि ‘क्षमा कर, विसरून जा’ म्हणून घाई करणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.