पॉप आर्ट आणि सररिअलिझम मिसळून लिनो प्रिंट करायचीय, तीन रंगांना तीन ब्लॉक लागतील का?

नाही, एकाच लिनो ब्लॉकमधून (लिनोलियमचा मऊ तुकडा, कोरलेल्या भागाला शाई लागत नाही) तिन्ही रंग निघतात, याला रिडक्शन पद्धत म्हणतात, पिकासोनेही 1960 च्या आसपास अशा लिनोकट केल्यात आणि मीसुद्धा अशाच करतो. आधी जे पांढरं राहायला हवं तेवढंच कोरून पिवळा छापायचा, मग जिथे पिवळा टिकवायचाय तो भाग कोरून वर लाल, शेवटी लाल टिकवायचा भागही कोरला की ब्लॉकवर फक्त काळ्याचा भाग उरतो. पॉप आर्टचे सपाट भडक रंग यात फार छान बसतात, आणि पॉप आर्टवाल्या रॉय लिख्टेनस्टाइनच्या चित्रांसारखे ठिपके हवे असतील तर बारीक यू-गाउज (यू आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) उभा टेकवून ब्लॉकच गोल फिरवायचा, ठिपका स्वच्छ गोल निघतो. सररिअल, म्हणजे स्वप्नासारख्या विचित्र भागासाठी, सररिअलिस्ट चित्रकार माक्स अर्न्स्टने 1925 मध्ये लाकडी फळ्यांचे रेषे कागदावर घासून उतरवले होते तसं काहीतरी करा, म्हणजे तारेच्या ब्रशने घासलेल्या प्लायवूडला शाई लावून त्याचं आकाश छापा आणि त्याखाली कपबशीत उघडा डोळा वगैरे. फक्त एक, कोरलेलं परत येत नाही, त्यामुळे जेवढ्या प्रती हव्यात त्यापेक्षा चार-पाच जास्तच पिवळ्यात छापून ठेवा.