युक्रेनचा बॉक्सर ओलेक्सांद्र उसिकला सर्वकालीन महान म्हणता येईल का? आणि आता त्याला हरवेल असा कोण आहे?

क्रूझरवेटपुरतं (हेवीवेटच्या लगेच खालचा वजनगट) बोलायचं तर जुना विजेता इव्हँडर होलिफिल्डच्या जोडीने तो सगळ्यांत वर. हेवीवेटमध्ये मी त्याला पहिल्या दहात डोळे मिटून घेईन, पहिल्या तिघांत घेणार नाही. (हा हिशोब 2025 अखेरपर्यंतचा: 24 लढती, 24 विजय, त्यात 15 नॉकआउट.)

पण 24-0 या आकड्यावर जाऊ नका. सोपे प्रतिस्पर्धी वेचून असे आकडे उभे करणारे पुष्कळ आहेत. उसिकच्या लढती झाल्या कुठे ते बघा. 2016 मध्ये त्याने पहिला जागतिक पट्टा (जगज्जेतेपद) पोलिश ग्लोवात्स्कीकडून पोलंडमध्येच काढून घेतला. मग हुकला बर्लिनमध्ये, ब्रेडिसला रीगात, गासिएव्हला मॉस्कोत, बेल्यूला मँचेस्टरमध्ये आणि 2021 मध्ये जोशुआला लंडनमध्ये हरवलं. दर वेळी अंगण समोरच्याचं, आरडाओरडा करणारे प्रेक्षकही त्याचेच. अशा ठिकाणी अटीतटीची फेरी पाहुण्याला मिळेल याची खात्री नसते. रीगात ते जवळजवळ अंगाशी आलं होतं: दोन गुण देणाऱ्या पंचांनी उसिकला 115-113 दिले, तिसऱ्याने 114-114. (फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9; खाली पडला तर 8.) उलट मॉस्कोत एका पंचाने सगळ्या बारा फेऱ्या उसिकला दिल्या.

आता वजन. क्रूझरवेटची मर्यादा साधारण 90.7 किलो. मे 2024 मध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीसमोर उसिक 101 किलोच्या आसपास होता, फ्युरी 119 च्या. त्या लढतीत पंचांचं एकमत झालं नाही: उसिकच्या बाजूने 115-112 आणि 114-113, फ्युरीच्या बाजूने 114-113. गंमत अशी की नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आदळत राहिला, रिंगमधल्या पंचाने उभ्या-उभ्याच, खाली पडल्यासारखी मोजणी केली आणि ती फेरी 10-8 झाली. ती 10-9 धरली असती तर उसिकच्या बाजूचं 114-113 चं गुणपत्रक 114-114 होऊन लढत बरोबरीत सुटली असती. एवढ्या बारीक फरकाने तो निर्विवाद (सगळे प्रमुख पट्टे एकाच हाती असलेला) हेवीवेट विजेता झाला. 1999 मध्ये लेनॉक्स लुईस झाला होता, त्यानंतर थेट हाच. डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीत मात्र तिन्ही पंचांचे 116-112, तिथे वादाला जागाच नाही.

मग पहिल्या तिघांत का नाही? कारण हरवलेल्यांची यादी छोटी. हेवीवेटमधल्या आठ लढतींत प्रतिस्पर्धी पाचच: विदरस्पून, चिसोरा, जोशुआ, डुबॉइस, फ्युरी. शेवटच्या तिघांशी दोन-दोनदा. दोनदा हरवणं हे एकदा हरवण्यापेक्षा अवघड, कारण समोरचा अभ्यास करून येतो, हे मान्य. तरी अली किंवा लुईसच्या यादीशेजारी ही यादी आखूड दिसते.

पुढच्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल बहुतेक जण “कोणाचा ठोसा जड?” असं विचारतात. माझ्या मते प्रश्नच चुकतो. डोक्यावर जड ठोसा मारायला डोकं जागेवर सापडावं लागतं. उसिक डावखुरा; उजवा पाय पुढे ठेवून तो प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर सरकत राहतो, उजव्या हाताचे हलके जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) टाकत समोरच्याचा हात गुंतवतो आणि कोन मिळाला की डाव्या हाताचा सरळ ठोसा सोडतो. ही गती सहाव्या फेरीनंतर वाढते. म्हणून पहिल्या सहा फेऱ्यांत उसिकचे पाय जड केले नाहीत तर नंतर काही हाती लागत नाही.

पाय जड होतात ते पोटावर मारून. यकृत उजव्या बाजूला असतं आणि डावखुऱ्याची तीच बाजू पुढे असते, त्यामुळे उजव्या हाताने लढणाऱ्याचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) तिथे लवकर पोचतो. चिसोराने, दुसऱ्या लढतीत जोशुआने आणि पहिल्या लढतीत मधल्या फेऱ्यांत फ्युरीने पोटावर मारलं तेव्हाच उसिक अडचणीत दिसला. 2023 मध्ये डुबॉइसचा पाचव्या फेरीतला ठोसा पंचाने कमरेखालचा, म्हणजे नियमबाह्य ठरवला, त्यावर आजही भांडणं होतात. त्याच डुबॉइसला जुलै 2025 मध्ये वेम्ब्लीत त्याने पाचव्याच फेरीत दोनदा पाडून संपवलं.

म्हणून मला खरा धोका वाटतो तो जर्मन हेवीवेट अगित कबायेलचा. माखमुदोव, फ्रँक सांचेझ आणि झांग झिलेई या तिघांना त्याने मुख्यतः पोटावर मारून थांबवलं आणि त्यातला झांग तर डावखुराच. अडचण एवढीच की त्याच झांगने फेब्रुवारी 2025 मध्ये कबायेलला पाचव्या फेरीत खाली पाडलं होतं. आत शिरताना कबायेलचं डोकं सरळ रेषेत येतं, आणि उसिकचा डावा सरळ ठोसा त्याच रेषेत बसतो. पहिल्या चार फेऱ्यांत तो शिरताना डोकं हलवतो का, तेवढं बघा. नाही हलवलं तर मी पैज उसिकवरच लावीन.

ब्रिटनचा फॅबियो वॉर्डली गुणांवर मागे असूनही उशिरा नॉकआउट करतो: हुनीला दहाव्या फेरीत, पार्करला अकराव्या. पण त्यासाठी समोरचा थकून उभा राहावा लागतो, आणि उसिक नेमका तेव्हाच वेग घेतो. वॉर्डलीकडे हौशी बॉक्सिंगचा पायाही नाही. पावलांच्या लढाईत ती उणीव उघडी पडेल.

ब्रिटनचाच तरुण मोझेस इटाउमा जास्त रंजक. तोही डावखुरा, त्यामुळे बाहेर सरकण्याची ती युक्ती आपोआप निकामी होते, आणि वेग भन्नाट. डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. मात्र 2025 अखेरपर्यंत तो सहा फेऱ्यांपुढे गेलेला नाही. आणि डावखुऱ्यांशी लढणं उसिकला नवं नाही, ग्लोवात्स्की डावखुराच होता.